कोपरापासून बोटापर्यंत

"हात काटकोनात धर," सुमीत म्हणाला. "कोपर हलवू नकोस."

विभावरीचे हात कणकेने भरलेले होते. शुक्रवारची सकाळ, जुम्म्याची नमाज होईपर्यंत रियाधमधली दुकानं बंद, आणि नवरा शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन ओट्यापाशी उभा. टेपचं एक टोक त्याने तिच्या कोपराच्या घडीत दाबलं आणि दुसरं बोटाकडे नेलं.

"तर्जनी जरा वाकव. चाप ओढताना वाकवतात ना, तशी."

"कसला चाप?"

"कार्बाइनचा गं, आखूड रायफलचा. खांद्याला टेकवायचा दस्ता किती लांब लागेल, ते या मापावरून ठरतं."

ह्यूस्टनला जायची तिकिटं निघाली होती. तिथे राहणाऱ्या सुमीतच्या दादाने कधीकाळी टाकलेल्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचं एकदाचं काम झालं होतं. विभावरीने शाळेतली नोकरी सोडली होती, निम्मं घर खोक्यांत गेलं होतं. तिकडे गेल्यावर पिस्तूल घ्यायचं, असं दोघा भावांचं बोलणं तिच्या कानावर आलं होतं. पुरुषांच्या गप्पा म्हणून तिने सोडून दिलं. आता हा रोज लॅपटॉपवर दोन कार्बाइन शेजारी शेजारी मांडून बसायचा. मिक्सर घेतानाही त्याने एवढाच घोळ घातला होता.

"पिस्तूल नऊ एमएमचं, म्हणून कार्बाइनही नऊ एमएमची," तो उत्साहाने सांगू लागला. "दोन्हीला गोळी एकच. आणि ही जी जरा महाग आहे ना, ती गोळ्यांचं मॅगझिनसुद्धा पिस्तुलाचंच घेते. यातलं काढलं, त्यात घातलं. त्या दुसरीचं मॅगझिन वेगळं. कशाला दोन-दोन सांभाळा?"

"मग माझा हात कशाला मोजतोयस?"

"कार्बाइन तुझ्यासाठी. खांद्याला टेकवता येते, धक्का कमी बसतो. दादा म्हणतो, बायकांना हीच सोपी."

विभावरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ठरलंसुद्धा! घरात कोणी घुसलं तर हिने कुठे उभं राहायचं, कोणावर नेम धरायचा, सगळं दोघा भावांनी फोनवर ठरवून टाकलं होतं. हिला विचारायचं राहिलं होतं ते फक्त माप.

तेवढ्यात शेजारच्या मैमुनाभाभी झाकलेली वाटी घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच असत आणि पोरं भूक लागेल त्या घरात जेवत. टेप बघून त्या हसल्या. "काय गो, जायच्या आधी ड्रेस शिवतेस?"

"हो हो, ड्रेसच," सुमीत घाईघाईने म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला.

त्याच्या त्या 'हो हो'ने ती जास्तच पेटली. एवढं शहाणपणाचं काम आहे, तर मग मिटलास कशाला?

"ड्रेस नाही, भाभी. बंदूक," ती म्हणाली. "माझ्या मापाची बंदूक घेतायत."

भाभी आधी हसल्या, मग त्यांनी सुमीतचं तोंड बघितलं. वाटी ओट्यावर ठेवत त्या म्हणाल्या, "अगो, तिकडं एवढं भ्याव आहे, तर जाता कशाला?" उत्तराला त्या थांबल्या नाहीत. जाताना त्यांनी बाहेरचं दार ओढून घेतलं, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"लोकांना काय सांगत बसतेस?" सुमीत चिडला. "तिथे घरोघरी असते. उद्या काही झालं तर तूच विचारशील, तू काय केलंस म्हणून."

"घरात केतकी आहे, सुमीत. नऊ वर्षांची पोर आहे ती. कुठे ठेवणार आहेस बंदूक?"

"कपाटात. कुलूप लावून."

"म्हणजे चोर आला की त्याला सांगायचं, जरा थांबा, किल्ली शोधते?"

कोंडीत सापडला की तो नेहमी वस्तूचे गुण सांगायला लागायचा. "केतकीचाच विचार केलाय मी. केतकी! इकडे ये बघू."

केतकी टॅबमधून डोकं वर न काढता आली.

"या मॉडेलचा दस्ता मागेपुढे सरकतो," तो विभावरीला म्हणाला. "आत्ता तुझ्या मापाला लावायचा. पुढे हिलाही होईल. दुसरी घ्यायला नको."

लेकीचे बूट तो एक नंबर मोठेच घ्यायचा. युनिफॉर्मची शिवण आत दोन बोटं जास्त सोडून घ्यायचा. सायकल घेतली तीही सीट वर जाणारी. दुकानात शेजारी उभं राहून विभावरीनेच मान डोलावली होती. वाढत्या अंगाचं घ्यावं, यात काही वावगं असेल असं या घरात कधी कोणाला वाटलं नव्हतं. आणि त्याच मायेने त्याने आता केतकीच्या हातातला टॅब बाजूला ठेवला, तिचा हात काटकोनात वाकवला आणि टेप कोपरात दाबली.

"बाबा, इट टिकल्स!" ती खिदळली.

"हलू नकोस. आता बोट जरा..."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत केतकीने तर्जनी वाकवली. हवी तेवढीच. तिला सांगावं लागलं नाही.

विभावरीने कणकेच्या हातानेच ते बोट धरलं आणि सरळ केलं. टेप सुटून जमिनीवर पडली.

"विभा! अगं, नुसतं माप घेतोय मी."

बोट विभावरीच्या मुठीत होतं आणि मूठ आवळत चालली होती.

"मम्मा, लीव्ह इट," केतकीचं हसू मावळलं. "इट्स हर्टिंग."

विभावरीला ते ऐकू आलं. तरी तिने मूठ सोडली नाही.