पत्त्याचं शेपूट

मिहिरने आईचा मोबाइल रेवतीबाईंच्या पुढ्यात ठेवला. "बाई, आपली लिंक ग्रुपवरून उडवली."

शनिवारची शाळा कधीच सुटली होती, पण सातवीची चार-पाच मुलं संगणकाच्या खोलीतून हलली नव्हती. आज संध्याकाळपर्यंत पहिलीला पंधरा नावं आली नाहीत, तर जूनमध्ये पहिलीचा वर्ग निघणार नाही आणि मागोमाग मराठी शाळाच गुंडाळली जाईल, असं संस्थेने कळवलं होतं. नावं आली होती अकरा. म्हणून मुलांनी सकाळपासून शाळेच्या वेबसाइटची लिंक चारकोपमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकायचा सपाटा लावला होता.

वेबसाइट मुलांचीच. पत्ता ठरवायच्या तासाला बाईंनी फळ्यावर पत्त्याच्या शेवटी लागणारी सगळी शेपटं लिहिली होती. डॉट कॉम मूळचं व्यापाऱ्यांचं, आता कुणीही घ्यावं. डॉट ऑर्ग संस्थांचं, पण तेही कुणालाही मिळतं, म्हणून नुसतं ते पाहून भुलायचं नाही. डॉट इन आपल्या देशाचं. डॉट गव्ह डॉट इन फक्त सरकारचं, दुसऱ्याला मिळतच नाही. "मराठीत नाही का, बाई?" असं निधीने विचारलं, तेव्हा बाईंनी सर्वांत खाली लिहिलं, डॉट भारत. मुलांनी दुसरं काही घेऊच दिलं नाही.

बाईंनी चष्मा लावून मोबाइलवरचा मेसेज वाचला.

"सावधान. शाळेच्या नावाने आलेली लिंक कोणीही उघडू नये. पत्ता बघा. सुरुवातीला एक्स एन, मग दोन रेघा, पुढे नुसता कचरा. शेवटी डॉट कॉम नाही, डॉट इन नाही. आमच्या रेवतीबाई शाळेत सांगायच्या, पत्त्याचं तोंड बघू नका, शेपूट बघा. त्यांच्यामुळे आज आपण सगळे वाचलो. नितेश, सेक्रेटरी."

खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कुणीतरी लिहिलं होतं, 'अशा बाई सगळ्यांना मिळोत.'

"माझ्या बाबांच्या ग्रुपवर पण हाच आलाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"पण आपला पत्ता असा कसा झाला?" निधी म्हणाली. "आपला तर मराठीत आहे."

"मिहिर, तू टाइप केलास की कॉपी?" बाईंनी विचारलं.

"कॉपी. वरच्या पट्टीतून. उघडत होती ना, बाई, मी बघितलं."

"वाट लावलीस," निधी म्हणाली.

"त्याने काही लावली नाही." बाईंनी खडू उचलला. "हे बघा. यंत्राला आतून आपली अक्षरं कळत नाहीत. ते आपला पत्ता स्वतःपुरता इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत मांडून ठेवतं आणि आपल्याला वरून मराठी दाखवतं. मिहिरने उचलला, तेव्हा आतलं बाहेर आलं. पत्ता तोच आहे."

"मग हे त्या नितेशकाकांना सांगा ना."

बाईंनी फोन लावला. मुलं इतकी जवळ येऊन उभी राहिली, की त्यांनी स्पीकर चालू केला.

"बाई, नमस्कार. मेसेज पोचला वाटतं तुमच्यापर्यंत?"

"पोचला. नितेश, ती लिंक खरी आहे रे. आपल्या शाळेची."

"काय सांगता? सॉरी, बाई. मला वाटलं, कोणीतरी गंडवतंय."

"तुझं चुकलं नाही. असा पत्ता समोर आला असता तर मीसुद्धा उघडला नसता. पण आता ग्रुपवर तसं लिही. आज शेवटचा दिवस आहे. नाहीतर यंदा पहिलीचा वर्ग नाही, आणि मग शाळाही नाही."

"लगेच टाकतो. सगळ्या ग्रुपवर टाकतो. तुमचं काम म्हणजे काय."

मिहिरने बाईंचा पदर ओढला. "बाई, त्यांचा मुलगा आहे, देवू. आमच्या बिल्डिंगखाली सायकल चालवतो. यंदा पहिलीतच जायचाय."

बाईंनी मान हलवली. मग विचारलं, "तुझा मुलगा केवढा झाला रे?"

"देवव्रत? सहावं लागलं."

"मग घेऊन ये की त्याला. मी शाळेतच आहे."

मुलं फोनकडे बघत राहिली.

"बाई, त्याचं झालंय. डिसेंबरमध्येच. इंग्लिश मीडियमला." नितेशचा आवाज खाली आला. "मिसेसचं म्हणणं पडलं. आणि आता तुम्हाला काय सांगायचं, आमच्या सोसायटीत सगळ्यांचं तेच आहे. मेसेज मी टाकतो, पण..."

"टाक."

"शाळा मोठी आहे हो. एसी वर्ग, स्विमिंग, सगळं आहे. पण तिथे तुमच्यासारखं कोणी नाही. एवढं बसून समजावून कोण सांगतं आजकाल? मी मिसेसला नेहमी म्हणतो."

बाईंच्या हातात खडू तसाच होता.

"बाई, एक विचारू का? रागावू नका. त्याला मराठी कम्पल्सरी आहे, आणि घरी त्याच्याकडून ते करून घेणं आम्हाला काही जमत नाही. आठवड्यातून दोन दिवस आलात तर फार बरं होईल." नितेश अगदी मनापासून बोलत होता. "जूनपासून तुम्हाला वेळ असेलच ना."