मशीनची खुर्ची

प्रमुख वर्गाच्या दारात आले तेव्हा पोरं बाकं सरकवत होती. बाकं! सव्वीस वर्षांत संगणक विभागातलं एक बाक कुणी जागचं हलवलं नव्हतं, आणि ही काल आलेली कंत्राटी बाई चाळीस पोरांना हाताशी धरून खोलीचा बाजार करत होती. प्रमुखांनी नाक मुरडलं. त्यांच्या हातात एक छापील फॉर्म होता. पुढच्या वर्षी बाईला ठेवायचं की नाही, एवढंच त्यावर भरायचं होतं, आणि ते आजचा तास बघून.

"प्रोग्रॅमिंगच्या भाषांचा इतिहास चाललाय ना, मॅडम? की कुणाचा वाढदिवस आहे?"

"इतिहासच, सर. खेळून शिकतोय."

"खेळून! वा. आम्ही आपले उगाच वाचून शिकलो."

बाईंनी खेळ समजावून सांगितला. डावीकडची रांग अगदी सुरुवातीच्या काळातली. तिने पुठ्ठ्याच्या कार्डांवर फक्त शून्य आणि एक लिहायचं. शून्य-एक म्हणजे ऊठ, एक-शून्य म्हणजे एक पाऊल पुढे. हे संकेत फळ्यावर होते. उजवीकडची रांग नंतरच्या काळातली, तिने सरळ वाक्यं लिहायची. मध्ये कागदाची टोपी घातलेला एक चष्मेवाला. तो दुभाष्या. वाक्यांचे शून्य-एक करून पुढे द्यायचे हे त्याचं काम. आणि समोर खुर्चीत मशीन. हातात येईल ते त्याने मुकाट करायचं.

"मशीन व्हायची ती मुलगी आज आली नाही," बाई म्हणाल्या. "सर, तुम्ही बसाल?"

या तमाशात मशीन म्हणजे सगळ्यात वरचं पद असणार, असं प्रमुखांना वाटलं. त्यांनी खुर्ची पुसून घेतली आणि बसले.

डावीकडची पहिली कार्डं यायला सात मिनिटं लागली. एवढ्या वेळात आपण पाच पानं सांगून मोकळे झालो असतो, असं मनाशी म्हणत ते कार्डांप्रमाणे उठले, तीन पावलं चालले आणि चौथ्या पावलाला त्यांचा गुडघा टेबलावर आपटला.

"एक पाऊल जास्त झालं रे! पुन्हा लिहा सगळं!" रांगेत एकच ओरडा झाला आणि पोरं डोकी खुपसून परत शून्य-एक मांडायला लागली. त्यांना कुणी दटावलं नव्हतं. प्रमुखांना ते दिसलं, आणि गुडघ्यापेक्षा तेच जास्त झोंबलं.

तेवढ्यात उजव्या रांगेतली पहिल्या बाकावरची मुलगी धावत आली आणि तिने आपलं कार्ड थेट त्यांच्या हातात कोंबलं. 'उठा आणि फळ्यावर तुमचं पद लिहा.'

हे मात्र प्रमुखांना आवडलं. ते उठले, खडू घेतला आणि सगळ्या संकेतांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'विभागप्रमुख' लिहिलं. खाली रेघही ओढली.

"अगं, ते माझ्याकडे कुठे आलं?" चष्मेवाला टोपी सावरत म्हणाला.

"अय्या, विसरलेच." मुलीने जीभ चावली. मग तिच्या कपाळावर आठी पडली. "पण सर, तुम्ही उठलात कसे? वाक्य तुम्हाला कळायलाच नको होतं. मशीनला फक्त शून्य-एक कळतं."

वर्ग खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. प्रमुखांनी फक्त त्यांच्याकडेच पाहिलं.

"पुरे झाला हा पोरखेळ," ते म्हणाले. त्यांनी गुडघ्याला लागलेल्या त्याच टेबलावर फॉर्म ठेवला, 'नाही'समोर खूण केली आणि सही ठोकली. बाई दोन हात अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी ते वाचलं आणि गुपचूप कार्डं गोळा करायला लागल्या.

"बाकं जागेवर घ्या. वह्या काढा. इतिहास मी सांगतो."

वह्या निघाल्या. प्रमुखांना नोट्स तोंडपाठ होत्या. साल, पिढी, गुणधर्म, पुन्हा साल. चाळीस पेनं खाली मान घालून चालत होती, टाचणी पडली तर ऐकू आली असती. प्रमुखांच्या जिवात जीव आला. ते बाकांमधून फेऱ्या घालत सांगत राहिले.

"तिसऱ्या पिढीतल्या भाषा माणसाच्या भाषेच्या जवळच्या आहेत. त्यामुळे त्या संगणकाला थेट समजतात."

पेनं थांबली.

चष्मेवाल्याच्या डोक्यावर टोपी अजून तशीच होती. वाक्य चुकीचं आहे हे प्रमुखांना तोंडातून बाहेर पडल्यावर कळलं. सव्वीस वर्षं ते हे सांगत आले होते, दर वर्षी पोरांनी ते उतरवून घेतलं होतं आणि त्यावर त्यांनी गुणही दिले होते. 'थांबा, चुकलं' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते त्यांच्या घशापर्यंत आलंही.

"लिहा," ते म्हणाले.

एकही पेन हललं नाही. प्रमुखांनी बाईंकडे पाहिलं. बाई कार्डांचा गठ्ठा छातीशी धरून उभ्या होत्या.

"लिहा, बाळांनो," बाई शांतपणे म्हणाल्या. "सर सांगतात तेच लिहा. पेपर सरच तपासतात."

चाळीस माना खाली गेल्या. पेनं चालू लागली. पहिल्या बाकावरच्या मुलीने वाक्य वळणदार अक्षरात पूर्ण केलं आणि मान वर केली.

"लिहिलं, सर. पुढे?"