'रद्दी' नावाचं फोल्डर

कॉम्प्युटर फारच रेंगाळत होता, म्हणून मी रविवारी सकाळी साफसफाईला बसले आणि 'रद्दी' नावाचं फोल्डर बिनधास्त कायमचं डिलीट करून टाकलं. दुपारी बाबा चष्मा पुसत म्हणाले, "अगं, माझं लिखाण कुठे दिसत नाहीये." घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून त्यांनी दोन बोटांनी टाइप केलेल्या सत्तावीस आठवणी मी एका क्लिकमध्ये उडवल्या होत्या!

मी तशीच कॉम्प्युटरकडे धावले. उडालेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर घातलं. दोन तास पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, आणि शेजारी स्टुलावर बसलेले बाबा उलट मलाच धीर देत होते, "राहू दे गं, पुन्हा लिहीन."

अखेर सत्तावीसच्या सत्तावीस फाइली परत आल्या. जीव भांड्यात पडला, तशी मी त्यांच्यावरच डाफरले, "पण बाबा, स्वतःच्या लिखाणाला कुणी 'रद्दी' नाव देतं का?"

बाबा ओशाळल्यासारखे हसले.



"नाव मी कुठे दिलं? पहिली आठवण तुला वाचून दाखवली, तेव्हा तूच दिलंस की."