पाणी न दाखवायचं घड्याळ

बादलने दुसरा ट्रक घेतला, त्या साली तो बापाला म्हणाला, "बा, तुमच्या पेटीत एक भारी घड्याळ पाहिजे. पसंत तुमी करा, पैशाचं मी पाहतो."

म्हणून बाबुलाल आडे आणि बिजलीबाई पांढरकवड्याहून एसटीने यवतमाळला आले. बाबुलालच्या पत्र्याच्या पेटीत चावीची, सेलची, चालणारी, बंद पडलेली अशी पुष्कळ घड्याळं होती. जन्माचा शौक. पण पाण्याखाली चालणारं एकही नव्हतं, आणि त्याची तर उमर पाण्याखालीच गेली होती. विहिरीत बुडी मारून आत पडलेल्या पंपाच्या मोटारी काढायच्या, कधी बुडालेलं माणूस काढायचं, हे त्याचं काम. मागच्या उन्हाळ्यात मारेगावकडच्या एका विहिरीतून तो वर आला तेव्हा कानातून रक्त आलं. डॉक्टरने पाणी बंद सांगितलं. बाबुलाल 'हो' म्हणाला. बिजलीबाईला तो 'हो' ओळखीचा होता. दारू सोडतानाही तो दर वेळी असाच 'हो' म्हणायचा.

ओळखीच्या दुकानदाराने, नयनने, काचेवर मऊ फडकं पसरलं आणि दोन घड्याळं मांडली.

"काका, दोनी पाणबुड्यांची. स्विस. तुमच्या बादलपेक्षा वयानं मोठी."

एक लखलखीत होतं. दुसऱ्याची डायल चहासारखी तांबूस झालेली, कडेला ओरखडे. बाबुलालने लखलखीत उचललं. त्याचं बाहेरचं कडं कटकट फिरवलं आणि चांगल्या कानाशी नेलं.

"हे कडं फिरते कायले?"

"उतराच्या आधी काट्याशी लावाचं. खाली किती वेळ झाला ते समजते."

बाबुलाल हसला. "आमच्याकडं त्याले ही बाई होती."

खरंच होतं ते. ती काठावर दोर धरून उभी राहायची. तो पाण्याखाली गेला की तीही श्वास धरायची. आपला सुटला की दोर ओढायची.

"पाण्यातलं घड्याळ घेऊन कराचं काय?" बिजलीबाई म्हणाली. घरी ती गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, भांडायची. आज दुकानदारालाही समजावं म्हणून तिने मराठीत सुरुवात केली. "पाण्यात जाणारा कोण राह्यला घरात?"

"पेटीत राहीन ते. पेटीत काय पूर येते?"

"पेटीत ते राहीन. तुमी राहसान का?"

नयनने हसू दाबलं. भांडण मिटावं म्हणून त्याने पाण्याचा गिलास पुढे ओढला. "काकू, पाहा तर खरं. याचं आतलं रबर नवीन टाकलं, डायल नवी रंगवली. विहिरीत घाला, धरणात घाला." आणि ते लखलखीत घड्याळ त्याने अलगद गिलासात सोडलं.

घड्याळ तळाशी गेलं. पाण्यात त्याचा काटा फिरतच होता. बाबुलाल गिलासावर वाकला. बिजलीबाईने पाहिलं, त्याची छाती भरली आणि तशीच थांबली. डोळे गिलासाच्या तळाशी. विहिरीत उडी घ्यायच्या आधी तो असाच दिसायचा, पंचविशीत आणि पन्नाशीतही. तिचाही श्वास आपोआप धरला गेला. दुकानात पंखा तेवढा वाजत होता.

तिचा आधी सुटला. मोठ्याने सुटला. त्या आवाजासरशी बाबुलालने मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एवढा वेळ नवऱ्याने आपल्याकडे कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना.

"आन् हे दुसरं?" त्याने नयनला विचारलं. हात गिलासाकडेच होता.

"नाई नाई, त्याले पाणी दाखवू नका. सगळं अस्सल हाय त्यातलं, डायल, काटे, रबरसुद्धा. रबर कडक झालं. हात धुतानाबी काढून ठेवा लागते. एक थेंब आत गेला तर सरलं."

"विहिरीत?"

"विहिरीचं नावच काढू नका, काका."

बाबुलालने गिलासावरचा हात काढून घेतला. ओरखडेवालं घड्याळ उचललं आणि मनगटावर बांधलं.

"हे द्या."

"वा, काका!" नयन खूश झाला. "पारखी नजर हाय तुमची. चमकतं पाहून कोणीबी घेते. शौकीन माणूस अस्सलच घेते."

"मंग?" बाबुलाल म्हणाला. "इतकी वर्सं काय भाजी घेऊन राह्यलतो का?"

बिजलीबाईने गिलासात दोन बोटं घातली, लखलखीत घड्याळ बाहेर काढलं, पदराने नीट पुसलं आणि नयनच्या हातात दिलं.

एसटीत बसल्यावर म्हणाली, "हात धुताना ते सांभाळीन कोण?"

"तू हायेस ना."

त्या वैशाखात महागावकडचा एक माणूस मोटरसायकलवर आला. विहिरीत मोटार पडली होती, कापसाची पऱ्हाटी लावायच्या आधी काढायला हवी होती.

"जमत नाही, भाऊ," बाबुलाल म्हणाला. "हातात घड्याळ हाय. भिजते."

"मंग काढून ठेवा ना, बाबुलालभाऊ."

"काढता येत नाही."

तो माणूस हसला. थट्टा समजून थोडा थांबला, चहा प्यायला आणि गेला. चुलीपुढे बसलेल्या बिजलीबाईने दुसरी भाकर तव्यावर टाकली.

बाबुलाल आडे त्याच्या पुढच्या साली, पोळा झाल्यावर, वारला. घरी, खाटेवर, कोरड्या अंगाने.