धोतरावरचा अमीबा

फिल्म तुटली. मघापासून पडद्यावर सरपटणारा अमीबा एकदम नाहीसा झाला आणि मागं राहिला नुसता पांढरा उजेड. विरुपाक्ष सर प्रोजेक्टरकडं धावले. तुटायला हिला दुसरा मुहूर्त नव्हता का हो?

पडदा म्हणजे दूध सोसायटीचे चेरमन आबाराव यांचं धुवट धोतर. कॉलेजची खोली पत्र्याची. अंधार व्हावा म्हणून खिडक्यांवर घोंगड्या ठोकलेल्या, त्यामुळं भर उन्हाळ्यात आत भट्टी लागलेली. त्या भट्टीत सोसायटीचे सगळे सभासद बसले होते, कुणी बाकावर, कुणी खाली फरशीवर. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या त्या आडबाजूच्या कॉलेजात प्रोजेक्टर हे नाव तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. विद्यापीठानं तो बघायला म्हणून पाठवला होता. अर्धा खर्च विद्यापीठ करणार, उरलेला गावानं, म्हणजे दूध सोसायटीनं, उचलायचा. आज सिनेमा बघून झाला की सोसायटीत ठराव मताला टाकायचा, असं ठरलं होतं. पास झाला तर यंत्र कॉलेजात राहणार, नाहीतर संध्याकाळच्या येरमाळा गाडीनं परत जाणार.

सरांचा सगळा जीव त्या यंत्रात अडकला होता. इतकी वर्षं त्यांनी जीवशास्त्र शिकवलं ते खडूच्या जोरावर. फळ्यावर अमीबा काढायचा, पोरांनी तो वहीत उतरवून घ्यायचा. मागच्या बाकाला दिसावा म्हणून सर चांगला ऐसपैस काढायचे. परवाच्या परीक्षेत एका पठ्ठ्यानं लिहिलं, अमीबा रंगानं पांढरा असून आकारानं भाकरीएवढा असतो. परीक्षकांनी तो पेपर विद्यापीठात सगळ्यांना वाचून दाखवला म्हणे. ऐकून सर हसले खरे, पण त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाहीत. पोराची काय चूक होती? त्यानं जे पाहिलं तेच लिहिलं.

अडचण होती ती उत्तरेश्वररावांची. दुष्काळात शेतं करपली तेव्हा ह्या सोसायटीच्या दुधावरच घरं तगली होती. त्यामुळं तिच्या पैशाला हे गृहस्थ डोळ्यात तेल घालून जपत. त्यांनी नाही म्हटलं की निम्मं गाव नाही म्हणे. यंत्रापेक्षा जनावरांना पेंड आणा, असं ते आल्याआल्या बोलून बसले होते. त्यात सरांनी सांगितलं की हा अमीबा डबक्याच्या पाण्यात असतो. झालं, गडी भडकलाच. हे बाहेर कळल्यावर आपलं दूध कोण घेईल, असा त्यांचा सवाल. त्यावर सोसायटीला म्हशीचं दूध घालणाऱ्या हरणाबाई मागून शांतपणे म्हणाल्या की ज्याच्या दुधात पाणी असंल त्यानं भ्यावं. सगळी खोली खो खो हसली, उत्तरेश्वरराव तेवढे हसले नाहीत. आणि नेमकी तेव्हाच फिल्म तुटली.

सर जोडायला बसले. दिसावं म्हणून त्यांनी यंत्राचा दिवा चालूच ठेवला. बोटांना घाम सुटलेला, चिकटपट्टी फिल्मला चिकटायची सोडून अंगठ्याला चिकटत होती. लोक चुळबुळ करायला लागले. धारा काढायची वेळ झाली म्हणत उत्तरेश्वरराव उठले आणि दाराकडं निघाले.

दाराकडं जायची वाट उजेडातूनच होती. धोतरावर एकदम एक अजस्र पटका उगवला. पोरासोरांसकट सगळे हसले. कोण हसलं ते बघायला उत्तरेश्वरराव रागानं वळले, तर पडद्यावरचा पटकाही वळला. ते थांबले. त्यांनी मान डावीकडं केली, मग उजवीकडं. आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, दोन्ही हात वर उचलून त्यांनी बोटं एकमेकांत अडकवली.

धोतरावर बैल उभा राहिला. चांगला शिंगांचा, वशिंडाचा. त्यानं कान हलवला, मान डोलवली आणि निवांत रवंथ करायला लागला. खोलीतून अशी आरोळी उठली की बाहेर बांधलेली जनावरं बुजली. ल्हानपणी कंदिलापुढं करायचो, असं उत्तरेश्वरराव कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पार खुलला.

मग कोण थांबतंय! हरणाबाईंच्या बोटांची कोंबडी बैलाच्या पाठीवर जाऊन बसली. तिच्यामागं कुणाचा कुत्रा लागला, कुत्र्यामागं ससा लागला, जे खरं तर उलटं व्हायला पाहिजे होतं. मागचे लोक उजेडात हात पोचावा म्हणून बाकांवर चढले. म्हातारीकोतारी पदर खोचून उभी राहिली. दुष्काळानंतर हे गाव असं एकत्र हसलंच नव्हतं, ते आज पोट धरधरून हसत होतं.

सर तेवढे हसत नव्हते. अमीबा कुणाला आठवतही नव्हता. यंत्राचं खेळणं झालं, आता कसला ठराव आणि कसलं काय, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले. फिल्म एकदाची जोडली गेली. सुरू करू का, असं त्यांनी पडल्या आवाजात विचारलं.

“थांबा की सर,” उत्तरेश्वरराव पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. “बैल अजून पाणी प्यायचाय.”

आबाराव इतका वेळ कोपऱ्यात बसून होते. यंत्र राहावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण चेरमनच्या खुर्चीत बसून एका बाजूनं बोलता येत नव्हतं. आता ते उठले. त्यांनी धोतराकडं पाहिलं, मग वळून खोलीवरून नीट नजर फिरवली, आणि शेजारी बसलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीच्या खांद्यावर हात ठेवला.

“लिवा,” ते म्हणाले. “हात वर करून ठराव मंजूर. इरोधात कुणी न्हाय. उत्तरेश्वररावांचे तर दोन्ही हात वर हायेत.”