मागच्या नळाचं पाणी

“पहिला मान तुझा,” साहेब म्हणाले आणि बाजूला सरकले.

समोर स्टुलावर टेम्पोचा ड्रायव्हर बसला होता. हातांत बेड्या, मान खाली. वर्षापूर्वी याच टेम्पोने नाकाबंदी उडवली होती आणि तिथे उभ्या असलेल्या हवालदाराला चिरडून पळ काढला होता. रंग बदलून फिरणारी ती गाडी नेमकी आज सापडली. गाडीत हा सापडला. एवढं सगळ्यांना पुरेसं होतं. आज सकाळीच हवालदाराच्या पहिल्या स्मृतिदिनाला अख्ख्या ठाण्याने स्मारकापुढे सलामी दिली होती. त्या रांगेत हवालदाराची मुलगीही उभी होती. ती याच ठाण्यात शिपाई होती आणि साहेबांनी मान दिला होता तो तिलाच.

साहेब म्हणजे बाबांचे जिवलग दोस्त. लहानपणी त्यांनी तिला खांद्यावर घेऊन फिरवलेलं. त्यांना काय म्हणायचंय ते तिला फोड करून सांगायची गरज नव्हती. पहिली थप्पड तिची, मग बाकीच्यांच्या. संध्याकाळपर्यंत कबुली, आणि बाबांचं ऋण फिटलं. खोटं कशाला बोला, तिचेही हात शिवशिवत होते.

पण तोंडातून निघालं भलतंच. “आधी पाणी.”

खोलीत कुजबुज झाली. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, “पाणपोईची लेक शोभतेस हो!”

पाणपोई हे बाबांचं ठाण्यातलं नाव. चोर असो, खिसेकापू असो की दरोडेखोर, एक शब्द विचारण्याआधी बाबा त्याला पाणी पाजायचे. तेही स्वतः आणून. आणि गंमत बघा, खोलीत पाण्याचा कूलर हाताशी असताना हा गृहस्थ फुलपात्र घेऊन पार मागच्या अंगणातल्या नळावर जायचा! त्या नळाला धार ती केवढी, करंगळीएवढी. “तिथलं पाणी गोड लागतं,” म्हणायचे. तिने एकदा चाखून पाहिलं होतं. मचूळ! मग ती हात धुऊन मागे लागली. “बाबा, थापा नका मारू. खरं सांगा.” तर हसून म्हणाले, “भरून आण कधीतरी, कळेल.” ते मात्र राहूनच गेलं.

त्यांचं फुलपात्र अजून खिडकीत उपडं होतं. तिने ते उचललं आणि दाराकडे निघाली.

“अगं, कूलर इथे आहे!” कुणीतरी ओरडलं. तिने वळूनही पाहिलं नाही.

व्हरांड्यात तिने ठरवून टाकलं, पाणी आणायचं आणि त्याच्या तोंडावर फेकायचं. अंगणात पोचेपर्यंत वाटलं, पाणी कशाला, फुलपात्रच फेकून मारावं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. जप्त केलेल्या मोटारसायकली तिथे दाटीवाटीने गंजत पडल्या होत्या. त्यांच्यातून अंग चोरून जावं लागलं. एका हँडलात बाही अडकली. ती सोडवताना तिने त्या बिचाऱ्या मोटारसायकलीलाही चार शिव्या हासडल्या.

नळ सोडला. धार करंगळीएवढीच. फुलपात्र विसळलं, पुन्हा खाली धरलं. भरता भरेना. उभं राहण्याशिवाय करणार काय? आणि तिथे उभ्या उभ्या तिला बाबांची आठवण आली. हसून ‘कळेल’ म्हणणारे बाबा. डोळ्यांना धार लागली, ती मात्र नळापेक्षा मोठी. वर्षभर घरात आईला सांभाळताना ती रडली नव्हती. आता मोकळी रडली, नाक पुसलं आणि खाली पाहिलं. फुलपात्र अजून अर्धंच होतं.

तेव्हाच तिच्या मनात एक प्रश्न आला. इतका साधा, की तो गाडी सापडल्यापासून इथे कुणालाच कसा सुचला नाही याचं तिला नवल वाटलं.

पाणी सांडू नये म्हणून ती हळूहळू परत आली. तिने ड्रायव्हरच्या बेड्या काढायला लावल्या. तो घटाघटा प्यायला.

“टेम्पो तुझ्याकडे कधीपासून आहे?” तिने विचारलं.

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. “सहा महिने झाले असतील, ताई. जुना घेतला. विकणारा दाखवतो ना, बाजारामागेच राहतो.”

“मग आधी का नाही बोललास?”

“कुणी विचारलंच नाही. आल्यापासून ‘का मारलंस, का मारलंस’ एवढंच चाललंय.”

वर्षभर हे सगळे ज्याच्यावर दातओठ खात होते, तो कदाचित बाजारामागे आरामात झोपला असेल.

“खोटं! साफ खोटं!” साहेब गरजले. डोळे लाल झालेले, हात वर उगारलेला. सकाळी सलामीला हाच हात सगळ्यांत शेवटी खाली आला होता. तिला त्यांचा राग आला नाही.

ती मध्ये जाऊन उभी राहिली. रिकामं फुलपात्र तिने त्या उगारलेल्या हातात दिलं.

“खोटंही असेल. शोधून काढू, काका.” ठाण्यात ती त्यांना पहिल्यांदाच काका म्हणाली. “पण त्याला अजून थोडं पाणी लागेल. या वेळी तुम्ही आणा. आणि मागच्या नळाचंच.”