सगळ्यात मोठा चौकोन

नवऱ्याने वाढदिवसाला दिलेला लॅपटॉप महिन्याभरातच भरत आला. तिने भावाला फोन लावला.

"मी पाठवलेला प्रोग्रॅम चालव. ज्या फोल्डरने जास्त जागा खाल्लीय, त्याचा चौकोन सगळ्यात मोठा दिसेल."

स्क्रीनभर एकच लाल चौकोन पसरला. आत आवाजाच्या फाइली होत्या, वाढदिवसापासून रोजची एक. कालची तिने हळूच, मधूनच लावली. 'गुरुवारी बॅग घेऊन निघते, दादा. ह्याला पत्ता लागू देणार नाही.' तिचाच आवाज.

आजची फाइल अजून वाढत होती.

"काय सापडलं?" भावाने विचारलं.

"काही नाही रे, जुने फोटो," ती मोठ्याने म्हणाली. "आणि गुरुवारचं राहू दे. माझा राग गेला."

बोलता बोलताच तिने भावाला मेसेज केला, 'आत्ताच्या आत्ता ये.'